वूस्टरचं तीन मजली घर, तळघरात एकच बॉयलर: हीटिंग आणि दुरुस्तीचा खर्च कसा धरायचा?

तिमजली | १९ फेब्रुवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहतो. मागच्या जूनमध्ये शेजारच्या वूस्टर शहरात एक थ्री-डेकर घेतलं. हा प्रकार न पाहिलेल्यांसाठी सांगतो: लाकडी बांधणीचं घर, एकावर एक तीन सारखे फ्लॅट आणि पुढेमागे गॅलऱ्या. कारखान्यांतल्या कामगारांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशी घरं इथे गल्लोगल्ली उभी राहिली. आमचं १९१२ सालचं आहे.

घेताना मी कागदावर सगळं मांडलं होतं. प्रत्येक फ्लॅटचं भाडं १,७०० डॉलर, म्हणजे वर्षाला ६१,२००. त्यातून मॉर्गेज, प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स आणि पाणीपट्टी वजा केली. दुरुस्तीसाठी भाड्याच्या ५ टक्के, म्हणजे ३,०६० डॉलर धरले. तळघरातला एकच गॅसवरचा स्टीम बॉयलर तिन्ही मजले तापवतो आणि हीट भाड्यातच धरलेली आहे. ब्रोकर म्हणाला होता, हीटिंगला वर्षाला तीनेक हजार लागतात. मी तो आकडा तसाच उतरवून घेतला.

प्रत्यक्षात काय झालं ते लिहितो. गॅसचं एकट्या जानेवारीचं बिल १,१४० डॉलर आलं. मेपर्यंतचा अंदाज धरला तर हंगामाला ५,२०० च्या आसपास जाईल. बॉयलर दोनदा बंद पडला, त्याचे ७८०. मागच्या गॅलरीचे कठडे आणि खालचे वासे कुजलेले निघाले, त्याचे ४,२००. दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचा पाइप ६५०. म्हणजे दुरुस्तीच ५,६३० झाली. आठ महिन्यांत घराने आम्हाला एक पैसा दिलेला नाही, उलट दर महिन्याला पदरमोड चालू आहे.

पण आज लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. पहिल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स आजी राहतात. काल भाडं घ्यायला गेलो तर त्या कोट घालून स्वयंपाकघरात बसल्या होत्या. भिंतीवरच्या तापमापकात ६३ फॅरनहाइट (साधारण १७ सेल्सियस). त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने उकडतंय म्हणून खिडकी उघडी ठेवली होती, बाहेर १८ फॅरनहाइट (साधारण उणे ८ सेल्सियस) असताना. थर्मोस्टॅट, म्हणजे घर किती तापवायचं ते ठरवणारं बटण, दुसऱ्या मजल्यावर आहे. तो वाढवला की वरच्यांना उकडतं, कमी केला की आजी गारठतात.

माझे प्रश्न असे:
बॉयलर २८ वर्षांचा आहे, दुरुस्त करत राहू की बदलू? (नव्या स्टीम बॉयलरचं कोटेशन ११,००० आलं आहे.)
तिन्ही फ्लॅटना वेगळं हीटिंग बसवून बिल भाडेकरूंकडे द्यावं का? (कोटेशन ४१,०००.)
आणि दुरुस्तीसाठी बाजूला किती ठेवायचे, याचं धड उत्तर कुणाकडे आहे का?

---

शिकागोकर | १९ फेब्रुवारी, रात्री ११:०५

सविस्तर उद्या लिहितो. पण ६३ हा आकडा वाचून आत्ताच लिहावंसं वाटलं. तुमच्या राज्यात १५ सप्टेंबर ते ३१ मे या काळात घरात सकाळी ७ ते रात्री ११ किमान ६८ आणि रात्री किमान ६४ फॅरनहाइट तापमान असावंच लागतं. आजींनी आरोग्य खात्याला फोन केला तर इन्स्पेक्टर उद्या दारात उभा राहील, आणि तो बरोबरच असेल. बॉयलर, कोटेशन वगैरे नंतर पाहा. आधी त्यांची खोली गरम करा.

---

तिमजली | १९ फेब्रुवारी, रात्री ११:२१

मान्य आहे. आजच आत तेल भरलेला, विजेवरचा एक रेडिएटर-हीटर नेऊन दिला आणि त्यांच्या विजेच्या बिलातला फरक मी देईन असं लिहून दिलं. पण ही मलमपट्टी आहे, हे मला कळतं.

---

लोखंडी_रेडिएटर | २० फेब्रुवारी, सकाळी ६:४८

तिमजली, कोटेशनं आठवडाभर बाजूला ठेवा. मी आपल्याच राज्यात मेडफर्डला दोन कुटुंबांचं घर बावीस वर्षं सांभाळतो आहे आणि त्यातही एका पाइपचीच स्टीम आहे. तुमचं वर्णन वाचून मला बॉयलर दोषी वाटत नाही.

एका पाइपच्या स्टीममध्ये वाफ ज्या नळीतून वर जाते त्याच नळीतून तिचं पाणी होऊन खाली येतं. वाफ आत शिरायची तर रेडिएटरमधली (वाफेने तापून खोली गरम करणाऱ्या लोखंडी पेटीतली) हवा आधी बाहेर पडायला हवी. ती बाहेर काढायला प्रत्येक रेडिएटरच्या कडेला एक छोटा व्हेंट असतो, आणि तळघरातल्या मुख्य नळीच्या शेवटी एक मोठा. हा मोठा व्हेंट रंगाने किंवा गंजाने बंद झालेला असतो आणि त्याच्याकडे वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नसतं. मग मुख्य नळीतली हवा अडून राहते, वाफ जिथे वाट मिळेल तिथे जाते, आणि कुठला तरी फ्लॅट उपाशी राहतो. तुमच्याकडे तो पहिला मजला आहे.

उद्या तळघरात जाऊन हे पाहा:

बॉयलर चालू होताना मुख्य नळीच्या टोकाला हात जवळ न्या (लावू नका). वीस मिनिटांनीही टोक गार असेल तर मुख्य व्हेंट मेला आहे. नवा व्हेंट शंभर डॉलरच्या आत येतो.

आजींच्या रेडिएटरवर लेव्हल (पाणसळ) ठेवा. तो व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतरता हवा, म्हणजे पाणी परत जातं. शंभर वर्षांत लाकडी जमीन खचते, उतार उलटा होतो, पाणी आत साठतं आणि पाइप ठोकल्यासारखे आवाज येतात. पायाखाली पातळ पाचर सारली तरी पुरते.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा हवा किंवा पूर्ण बंद. या पद्धतीत अर्धा उघडा चालत नाही. भाडेकरूंना हे कुणीच सांगत नाही.

तिसऱ्या मजल्यावर रेडिएटर आणि व्हेंट यांच्या मध्ये थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवा. खोली तापली की तो हवा अडवतो आणि वाफ आत येत नाही. खिडकी उघडायची वेळच येत नाही, आणि तुमचा गॅस बाहेर जात नाही.

बॉयलरवरचा दाब पाहा. घराला दोन पौंडांहून जास्त दाब लागत नाही. कुणीतरी "घर तापत नाही" म्हणून तो वाढवून ठेवलेला असतो. त्याने गॅस जास्त जळतो, व्हेंट लवकर मरतात, आणि घर काही जास्त तापत नाही.

आता एक प्रश्न. बॉयलरला आपोआप पाणी भरणारं यंत्र आहे का? आठवड्याला किती पाणी घेतो?

---

तिमजली | २० फेब्रुवारी, दुपारी १२:३०

यंत्र आहे. त्यावरचा आकडा मी कधी पाहिलाच नव्हता. आत्ता बायकोला पाठवून पाहायला लावला. ती म्हणते, ११ गॅलन. पण हा आकडा कधीपासूनचा आहे ते कळत नाही.

---

लोखंडी_रेडिएटर | २० फेब्रुवारी, दुपारी १:१५

शून्यावर आणा आणि रोज त्याच वेळी लिहून ठेवा. स्टीमचं पाणी बंद चक्रात फिरतं, आठवड्याला जेमतेम थोडं कमी व्हायला हवं. रोज गॅलनभर जात असेल तर कुठेतरी गळती आहे. ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत येतो आणि तोच लोखंड खातो. हे यंत्र बॉयलर कोरडा पडू देत नाही, पण गळतीही लपवतं. अठ्ठावीस वर्षांचा बॉयलर अजून पाच वर्षं चालेल की येत्या डिसेंबरात फुटेल, हे त्या आकड्यावरून कळेल.

आणि पाण्याची पातळी कमी झाली की बॉयलर बंद करणारा जो कट-ऑफ आहे, तो तरंगत्या गोळ्याचा असेल तर दर आठवड्याला बादलीभर गढूळ पाणी त्यातून काढावं लागतं. गाळाने तो अडकला तर कोरड्या बॉयलरखाली आग चालू राहते. भाडेकरूवर हे काम सोपवू नका, स्वतः करा किंवा पैसे देऊन करून घ्या.

तळघरातल्या नळ्यांवर पांढरं, प्लास्टरसारखं जुनं वेष्टण असेल तर त्याला हात लावू नका. त्या काळच्या वेष्टणात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं. ते काढायला परवानाधारक माणसंच लागतात.

---

सिंहगडरोड | २० फेब्रुवारी, दुपारी ३:०२

वाचतोय. पुण्यात माझे दोन फ्लॅट भाड्याने आहेत. आमच्याकडे हीटिंग नाही, पण टँकरच्या जड पाण्याने गीझरची कॉइल दर दोन वर्षांनी जाते आणि गच्चीची गळती सोसायटीच्या मीटिंगांमध्ये अडकते. तरी आम्हाला एक सोय आहे: घरभाड्याच्या उत्पन्नावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्तीवर खर्च करा किंवा करू नका. त्यामुळे पावत्या सांभाळायची सवयच कुणाला नाही. तुमच्याकडे काय नियम आहे?

---

जमाखर्च | २० फेब्रुवारी, सायंकाळी ७:४०

मी न्यू जर्सीत एडिसनला टॅक्सची कामं करते, म्हणून या भागावर लिहिते.

सिंहगडरोड, इथे तशी सरसकट वजावट नाही. खरा खर्च दाखवावा लागतो, आणि तो दुरुस्तीचा की सुधारणेचा हे ठरवावं लागतं. तिमजली यांचंच उदाहरण घेऊ. बॉयलरची ७८० ची आणि पाइपची ६५० ची दुरुस्ती या वर्षीच पूर्ण वजा होते. पण ११,००० चा नवा बॉयलर ही सुधारणा. तो राहत्या घरांच्या भाड्याच्या नियमाने साडेसत्तावीस वर्षांत विभागून वजा होतो, म्हणजे वर्षाला ४००. पैसे आज गेले आणि सूट साडेसत्तावीस वर्षांत. नवे घरमालक इथेच चुकतात, कारण "टॅक्समध्ये परत मिळेल" असं कुणीतरी सांगितलेलं असतं.

छोट्या मालकांसाठी एक वाट आहे. इमारतीची मूळ किंमत दहा लाख डॉलरपर्यंत असेल, आणि वर्षभरातली दुरुस्ती, देखभाल आणि सुधारणा यांची बेरीज १०,००० डॉलर किंवा इमारतीच्या किमतीच्या २ टक्के, यांतल्या कमी आकड्याच्या आत असेल, तर सगळं त्याच वर्षी वजा करता येतं. समजा जमीन सोडून तुमच्या इमारतीची किंमत ४,२०,००० आहे. मर्यादा ८,४०० ची झाली. या वर्षी ५,६३० वर थांबलात तर तुम्ही आत आहात. त्यात बॉयलर घातला तर बेरीज १६,६३० होते आणि हा पर्याय त्या वर्षापुरता पूर्ण जातो. (गॅसचं बिल या बेरजेत येत नाही, ते वेगळं वजा होतं.) म्हणून मोठं काम आणि छोटी कामं कुठल्या वर्षात पडतात, हे डिसेंबरआधी एकदा बसून पाहायचं. पण कुणी गारठत असेल तर टॅक्ससाठी काम पुढे ढकलू नये.

आणखी एक. नवराबायको दोघांचे पगार मिळून उत्पन्न दीड लाखाच्या वर असेल तर भाड्याचा तोटा पगारातून वजा होत नाही. तो पुढच्या वर्षांसाठी साठत राहतो. बुडत नाही, पण या वर्षीच्या तुमच्या पदरमोडीला त्याचा उपयोग नाही.

आणि इथे राहून पुण्याच्या फ्लॅटचं भाडं घेणाऱ्यांनो, ते उत्पन्न अमेरिकेच्या विवरणपत्रातही दाखवावं लागतं. तिथे ती ३० टक्क्यांची वजावट लागू होत नाही, खरा खर्चच लागतो. तेव्हा पुण्यातल्या प्लंबरकडूनही पावती घ्या.

---

बर्फातली_चिमणी | २१ फेब्रुवारी, पहाटे १:१०

मी घरमालक नाही. २०१४ मध्ये बॉस्टनला शिकायला आले तेव्हा एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर तिघी मिळून राहत होतो. त्या हिवाळ्यात शहरात ११०.६ इंच बर्फ पडलं. हीट भाड्यात होती आणि मालक ती वाचवायचे. रात्री दहाला रेडिएटर गार व्हायचे ते सकाळी सातपर्यंत.

आम्ही काय करायचो सांगते. गॅसचा ओव्हन लावून त्याचं दार उघडं ठेवायचो आणि तिघी स्वयंपाकघरात गाद्या टाकायचो. एकाच एक्स्टेंशन कॉर्डवर दोन हीटर लावायचो. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे काय हे तेव्हा आम्हाला नीट माहीत नव्हतं. तो विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही. एका रात्री छताला लावलेला त्या वायूचा अलार्म वाजला. बॅटरी संपली असेल म्हणून मैत्रीण तो काढून ठेवणार होती. शेजारच्या काकूंनी आवाज ऐकून आम्हाला तसंच बर्फात बाहेर काढलं आणि अग्निशमन दलाला बोलावलं.

तक्रार का केली नाही, असं लोक विचारतात. आम्ही विद्यार्थी होतो, व्हिसावर होतो, घर जाईल अशी भीती होती. तापमानाचा कायदा आहे हे मला पदवी मिळाल्यावर कळलं.

तिमजली, तुमच्या आजी कोट घालून बसल्या होत्या हे वाचून मला झोप लागली नाही. तुम्ही त्यांना तेलाचा हीटर दिलात हे चांगलं केलंत. तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला आहे ना, हे मात्र एकदा बघून या. आणि अलार्मची तारीखही. ते यंत्रही काही वर्षांनी बदलावं लागतं, पाठीमागे लिहिलेलं असतं.

---

तिमजली | २१ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

ताई, आत्ताच जाऊन आलो. हीटर एक्स्टेंशनवरच होता. काढून भिंतीतल्या सॉकेटला लावला. तळघरातला अलार्म मुदत संपलेला होता. तिन्ही मजल्यांवर आणि तळघरात आज संध्याकाळी नवे बसवतो. तुम्ही लिहिलं नसतं तर मी पाहिलं नसतं.

---

शिकागोकर | २१ फेब्रुवारी, रात्री ९:३३

परवा कबूल केल्याप्रमाणे लिहितो. वेगळं हीटिंग केलं की घरमालक सुटला, असं नसतं. माझं टू-फ्लॅट (एकावर एक दोन फ्लॅटचं घर) आहे, दोन्ही मजल्यांना वेगळी गॅसची फर्नेस (हवा तापवून घर गरम करणारी भट्टी), बिल भाडेकरूच्या नावावर. तरी फर्नेस माझी आहे, ती बंद पडली की घर गरम ठेवायची जबाबदारीही माझीच. शिकागोत १५ सप्टेंबर ते १ जून दिवसा ६८ आणि रात्री ६६ लागतं, आणि हीट नसेल तर दर दिवसाला दंड आहे.

३० जानेवारी २०१९ ला इथे उणे २३ फॅरनहाइट झालं होतं. वरचा भाडेकरू आठवडाभर बाहेरगावी गेलेला. बिल वाचवायला त्याने थर्मोस्टॅट ५० वर ठेवला होता. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीतला पाइप गोठला, फुटला आणि खालच्या फ्लॅटचं छत खाली आलं. गॅसचे त्याचे वीस-पंचवीस डॉलर वाचले असतील. माझे इन्शुरन्सने दिलेले सोडून ६,००० गेले. आता माझ्या भाडेकरारात एक ओळ असते: घर रिकामं असलं तरी थर्मोस्टॅट ६० च्या खाली न्यायचा नाही, आणि दोन दिवसांहून जास्त बाहेर जाताना मला कळवायचं. शिवाय मी फोनवर दिसणारे साधे तापमापक तळघरात आणि त्या भिंतीच्या कपाटात ठेवले आहेत.

फर्नेसवाल्यांसाठी: माझे निम्मे "हीट नाही"चे फोन तुंबलेल्या फिल्टरमुळे असत. भाडेकरू फिल्टर बदलेल ही आशा मी सोडली. दर तीन महिन्यांनी मीच जातो, त्या निमित्ताने सिंकखालची गळतीही दिसते. उरलेल्यांत काजळी धरलेला फ्लेम सेन्सर (ज्योत पेटली की नाही ते ओळखणारा भाग) बराच असतो. तो पुसायला दहा मिनिटं लागतात, पण रात्री अकराला माणूस बोलावला की तीनशे डॉलर. आणि ९० टक्क्यांच्या वर कार्यक्षमता असलेल्या नव्या फर्नेसमधून पाणी बाहेर पडतं. त्याची नळी थंड जागेतून गेली असेल तर ती गोठते आणि फर्नेस बंद होते, नेमकी सर्वांत थंड रात्री.

---

कणाकण | २२ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

मला तिमजली यांच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे, कारण या ५ टक्के, १० टक्के प्रकाराने मीही पोळलो आहे.

भाड्याच्या टक्क्यांत दुरुस्ती धरणं मुळातच चुकीचं आहे. बॉयलरवाला तुमचं भाडं किती हे विचारत नाही. न्यूटनसारख्या महागड्या गावात ४,००० भाड्याच्या फ्लॅटला आणि वूस्टरच्या १,७०० च्या फ्लॅटला वॉटर हीटर त्याच किमतीचा लागतो. म्हणून स्वस्त घरांत तोच ठोकताळा अपुरा पडतो, आणि नवा गुंतवणूकदार नेमका स्वस्त घराकडे जातो.

मी घरातली प्रत्येक मोठी वस्तू लिहितो, तिची आजची किंमत आणि आयुष्य. तुमच्यासारख्या घराचा माझा हिशेब असा होईल. सपाट रबरी छत १८,००० आणि २० वर्षं, म्हणजे महिन्याला ७५. बॉयलर ११,००० आणि २५ वर्षं, ३७. तीन वॉटर हीटर मिळून ६,००० आणि १० वर्षं, ५०. पुढच्यामागच्या गॅलऱ्या ३०,००० आणि २५ वर्षं, १००. बाहेरचा रंग आणि लाकूडकाम १५,००० आणि १० वर्षं, १२५. शेगड्या, फ्रिज वगैरे ९,००० आणि १२ वर्षं, ६२. बेरीज ४४९. बारीकसारीक दुरुस्त्या महिन्याला २५० धरा. सातशे झाले. वर्षाला ८,४००, म्हणजे तुमच्या भाड्याच्या पावणेचौदा टक्के. गॅस वेगळा, महिन्याला ४३३. फ्लॅट रिकामा राहण्याचा तोटा आणखी वेगळा.

आता यातला कुणी सांगत नाही तो भाग. तुम्ही घर घेतलंत तेव्हा बॉयलरची अठ्ठावीस वर्षं आधीच वापरून झाली होती. आधीच्या मालकाने ती वापरली, पण त्याचे पैसे तुमच्यासाठी ठेवले नाहीत. तुम्ही महिन्याला ३७ टाकायला आत्ता सुरुवात केलीत तर बॉयलर जाईल तेव्हा पेटीत चारपाचशे असतील. म्हणून क्लोजिंगच्या (घर नावावर होण्याच्या) दिवशीच संपत आलेल्या वस्तूंची पूर्ण किंमत गंगाजळीत हवी, किंवा ती घराच्या किमतीतून कमी करून घ्यायला हवी. माझ्या दुसऱ्या घराच्या वेळी मी वस्तूंची ही यादी घेऊनच वाटाघाटीला बसलो आणि मालकाने ९,००० कमी केले.

हीटिंगचंही तसंच. ब्रोकरचा अंदाज घेऊ नका, मागच्या दोन वर्षांची बिलं मागा, आणि त्यात डॉलर बघू नका, थर्म (किती गॅस जळला ते मोजायचं एकक) बघा. गॅसचे दर बदलतात, थर्मवरून घराची भूक कळते.

---

लेस्टरवासी | २२ फेब्रुवारी, सायंकाळी ५:२८

इंग्लंडमधून थोडं. इथे घरमालकाला दर वर्षी नोंदणीकृत इंजिनियरकडून गॅसच्या उपकरणांची तपासणी करून घ्यावीच लागते आणि दाखल्याची प्रत भाडेकरूला २८ दिवसांत द्यावी लागते. आधी मला हा जाच वाटायचा. पण त्याच भेटीत मी बॉयलरची सर्व्हिसही करून घेतो, आणि गेल्या सहा हिवाळ्यांत एकदाही ऐन थंडीत बॉयलर बंद पडलेला नाही. तुमच्याकडे सक्ती नसली तरी सप्टेंबरात तपासणी ठरवून टाका. ऑक्टोबर उजाडला की सगळ्यांना एकदम आठवण होते आणि माणूस मिळत नाही.

---

लोखंडी_रेडिएटर | २३ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

कणाकण यांच्या हिशेबाला अनुमोदन. दुसरा प्रश्न राहिला होता, वेगळं हीटिंग करावं का.

आकडे मांडू. ४१,००० खर्च. गॅसचे ५,२०० वाचतील. पण "हीट समाविष्ट" ही ओळ जाहिरातीतून गेली की भाडं तेवढंच राहत नाही. प्रत्येक फ्लॅटमागे महिन्याला १२५ जरी कमी धरले तरी वर्षाला ४,५०० जातात. हाती उरले ७००. त्या ७०० साठी ४१,००० गुंतवायचे तर अठ्ठावन्न वर्षं लागतील. शिवाय एका बॉयलरऐवजी तीन सांभाळायचे. बॉयलर पूर्ण मेला आणि भिंती तशाही उघडायच्या असतील तर गोष्ट वेगळी.

सध्याच्या भाडेकरूंवर एका सामाईक बॉयलरचं बिल वाटून टाकायचा विचार मात्र डोक्यातून काढा. आपल्या राज्यात हीटचा खर्च भाडेकरूवर टाकायचा तर तो लेखी करारात हवा आणि ज्याचं मीटर त्यालाच बिल हवं.

त्यापेक्षा मास सेव्ह या ऊर्जाबचतीच्या कार्यक्रमाला फोन करा. आपल्या विजेच्या आणि गॅसच्या बिलातल्या आकारातूनच तो कार्यक्रम चालतो, आणि भाड्याच्या घरांनाही लागू आहे. ते येऊन घर तपासतात आणि भिंती-छताच्या इन्सुलेशनच्या (उष्णता बाहेर जाऊ न देणाऱ्या भरणाच्या) खर्चाचा मोठा वाटा उचलतात. १९१२ च्या घराच्या भिंती बहुतेक पोकळ असतील. एक अडथळा येऊ शकतो: भिंतीत जुन्या पद्धतीची, चिनी मातीच्या गोट्यांवरून नेलेली वायरिंग चालू असेल तर ती बदलल्याशिवाय आत इन्सुलेशन भरू देत नाहीत. ते आधी इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या.

---

तिमजली | ९ मार्च, रात्री ८:५०

उशीर झाला, क्षमस्व. या दोन आठवड्यांत जे झालं ते लिहितो.

मुख्य व्हेंट खरंच मेलेला होता. स्टीम जाणणारा एक वयस्कर मिस्त्री मिळाला. त्याने दोन नवे मोठे व्हेंट बसवले, दाब कमी केला, आजींचे दोन्ही रेडिएटर पाचर देऊन व्हॉल्व्हकडे उतरते केले. वर तीन थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. मजुरीसकट ९४० डॉलर. मी त्याच्यासोबत चार तास तळघरात होतो आणि सगळं वहीत उतरवून घेतलं. तो म्हणाला की असे बॉयलर समजणारी माणसं दर वर्षी कमी होत चालली आहेत.

पाण्याचा आकडा: रोज पाऊण गॅलन जात होतं. गळती बॉयलरला नव्हती, जमिनीत पुरलेल्या परतीच्या नळीला होती. ती जमिनीच्या वरून नवी टाकली, १,१००. मिस्त्रीच्या मते बॉयलर अजून तीनचार हिवाळे काढेल.

जमाखर्च ताई, आता या हंगामाची बेरीज ७,६७० झाली, पण यातले २,०४० या वर्षातले आहेत, बाकीचे मागच्या वर्षातले. दोन्ही वर्षं मर्यादेच्या आत बसतात का, ते पाहायला तुम्हाला व्यक्तिगत संदेश पाठवला आहे.

कणाकण, तुमची यादी मी माझ्या घराचे आकडे घालून केली. ७४० आले. या महिन्यापासून ते वेगळ्या खात्यात जातात. बॉयलरसाठी आमच्या बचतीतून ८,००० एकदम टाकले. बायकोचं म्हणणं होतं की हे घेतानाच करायला हवं होतं, आणि ते खरं आहे.

---

बर्फातली_चिमणी | ९ मार्च, रात्री ११:३०

आणि आजी?

---

तिमजली | १० मार्च, सकाळी ६:५५

आत्ता त्यांच्याकडूनच येतोय. स्वयंपाकघरात ६९ होतं. हीटर त्यांनी दाराशी आणून ठेवला होता, परत घेऊन जा म्हणाल्या. विजेचा फरक ४७ डॉलर निघाला, तो दिला.

---

शिकागोकर | १० मार्च, सकाळी ९:१४

उत्तम. तो हीटर टाकू नका, तळघरात ठेवा. पुढे कधी रात्री बॉयलर गेला तर मिस्त्री येईपर्यंत तोच लागेल. मी तसे दोन ठेवतो.

---

तिमजली | १६ नोव्हेंबर, रात्री ९:०५

धागा वर आणतो. उन्हाळ्यात इलेक्ट्रिशियनने वरच्या दोन मजल्यांवरची जुनी वायरिंग बदलली (६,३००, गंगाजळीतून आणि थोडे घरचे), मग भिंतींत आणि छतात इन्सुलेशन भरून झालं. सप्टेंबरात बॉयलरची तपासणी करून घेतली. मागच्या वर्षी ऑक्टोबरात १६८ थर्म लागले होते, या ऑक्टोबरात ११९. हवामान थोडं उबदार होतं हे खरं, म्हणून जानेवारीचा आकडा आल्यावर पुन्हा लिहीन.

लोखंडी_रेडिएटर, एक शंका. तिसऱ्या मजल्यावरचा एक रेडिएटर आता बॉयलर बंद होताना हलकेच शिट्टी घालतो. व्हेंट बदलू का?

---

लोखंडी_रेडिएटर | १६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

बंद होताना हवा परत आत जाते, त्याचा आवाज असेल. आधी व्हेंट काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, धुऊन परत लावा. तरी वाजला तर बदला. काढताना बॉयलर बंद ठेवा आणि रेडिएटर पूर्ण गार होऊ द्या.